मागच्या अंगणातलं हृदय

आमच्या घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं, की आत्या स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्यायची. तिला तसं कुणी सांगत नसे. ओसरीवर चपलांचा आवाज आला की हातातलं काम तसंच टाकून ती आत. परीक्षेला निघालेली मी असो, कचेरीत अर्ज द्यायला निघालेले अण्णा असोत, निघणाऱ्याला विधवेचं तोंड दिसू नये एवढीच तिची काळजी. मला याचा अर्थ कळायला लागला तेव्हा मी आधी तिच्यावरच चिडले. बाकी कुणावर चिडावं हे अजून कळत नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील आणि आत्या त्यांची थोरली बहीण. अण्णा तिला अक्का म्हणत. जामबागेत आमचं भाड्याचं घर होतं, पुढे ओसरी, मागे फरसबंद अंगण, अंगणात धुण्याचा दगड आणि पपईचं झाड. त्या घरात राज्य आत्याचं. माझी आई स्वभावानं गरीब, ती खुशाल त्या राज्यात राहायची. आत्याच्या जिभेला अशी धार, की भाजीवाली आमच्या दारात टोपली उतरवण्याआधी खरा भाव सांगून मोकळी व्हायची. पण एका बाबतीत आत्याचा शब्द फुटत नसे. तिचं लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा गेला. जेवून उठला, जिना चढला, वर पोचून खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाला, दिल कमजोर होतं. सासू म्हणाली, पांढऱ्या पायाची आली आणि माझा मुलगा खाल्ला. डॉक्टरचं कुणी ऐकलं नाही. सासूचं सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळ्यांत जास्त आत्यानं ऐकलं.

अण्णा तिला समजवायचे. असं काही नसतं म्हणायचे. पण नुसतं "असं काही नसतं" म्हटल्यानं कुणाचं समाधान होतं? मग काय असतं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

अण्णा हायस्कुलात सायन्स शिकवायचे आणि तेही उर्दूतून. तेव्हा आमच्याकडे शिक्षण उर्दूतच असे. घरात मराठी, बाजारात दखनी, दूधवाल्याशी तेलुगू आणि वर्गात उर्दू, यात आम्हाला काही विशेष वाटत नसे. जीवशास्त्राचे दोन भाग होते, नबातियात म्हणजे वनस्पती आणि हैवानियात म्हणजे प्राणी. शाळेत या विषयाचे मास्तरही दोन. दुसरे मास्तर मुसलमान, अण्णांचे जिवलग मित्र, मी त्यांना चाचा म्हणायची. दोघांनी फार पूर्वीच आपसांत वाटणी करून टाकली होती. झाडं अण्णांची, जनावरं चाचांची. कारण उघड होतं. अण्णांनी जन्मात मांसाला हात लावलेला नव्हता. बेडूक कापायचा म्हटलं तरी ते उठून बाहेर जायचे. चाचांना बेडकाचं काही नव्हतं, पण पानांची नावं पाठ करायचा त्यांना मनस्वी कंटाळा. दोघांचं उत्तम जमलं होतं. हेडमास्तरांनीही त्यात कधी लक्ष घातलं नाही.

त्यामुळे आमच्या घरी विज्ञान आलं ते फुलांच्या रूपानं. अण्णा सुलतान बाजारातून निशिगंधाच्या काड्या आणायचे, त्यांतली एक लाल शाईच्या पेल्यात उभी करायचे. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या पाकळ्यांच्या कडांवर गुलाबी रेघा चढायच्या. मग ते देठ आडवा कापून आत लाल झालेले बारीक ठिपके दाखवायचे. या नळ्या, यांतूनच पाणी शेंड्यापर्यंत चढतं, पान वर पाणी उडवत राहतं म्हणून खालचं ओढलं जातं, असं सांगायचे. पानात तयार झालेला गोडवा दुसऱ्या नळ्यांनी खाली मुळांकडे जातो, त्या नळ्यांची आणि यांची भेटगाठ नाही, असंही सांगायचे. आत्याला हा प्रकार आवडायचा. शाई प्यायलेलं फूल ती देवाला वाहायची नाही, पण फेकायचीही नाही. खिडकीत ठेवून द्यायची आणि येताजाता बघायची.

मग पोलिस ॲक्शन झाली, फौज आली आणि आमचं संस्थान गेलं. त्याआधीच्या महिन्यांचं मी इथे काही लिहिणार नाही. भीती सगळ्यांनाच होती आणि प्रत्येक घराची भीती वेगळी होती. ती सरली तेव्हा काही लोकांना सुटल्यासारखं वाटलं आणि काही लोकांचं सामान बांधायला सुरुवात झाली. चाचांची मुलं आधीच कराचीला गेली होती. एक दिवस ते स्वतः सकाळी आमच्याकडे आले. ओसरीवर बसले, आत्याच्या हातचे पोहे खाल्ले. त्यांची बशी वेगळी असे, ती ते स्वतः विसळून ठेवत. तेव्हा त्याचं आम्हाला काही वाटत नसे. आता वाटतं. त्यांनी बेडूक कापायच्या हत्यारांची लाकडी पेटी अण्णांपुढे ठेवली आणि म्हणाले, आता दोन्ही खाती तुमच्याकडे.

ते उठले तशी आत्या सवयीनं आत गेली आणि दार लोटून घेतलं. मोठ्या प्रवासाला निघालेला माणूस, त्याला आपलं तोंड दिसायला नको. चाचांना ही सवय ठाऊक होती. ते लोटलेल्या दारासमोर क्षणभर थांबले.

"आपा, बाहेर आलात तर मला बरं वाटेल," ते म्हणाले. आत्याला ते थोरल्या बहिणीसारखं आपा म्हणत, आणि मराठी त्यांना चांगलं येत असे.

दार लोटलेलंच राहिलं. चाचा "खुदा हाफिज" म्हणाले आणि गेले. अण्णा त्यांना स्टेशनवर पोचवून आले आणि त्यांनी ती पेटी माळ्यावर ठेवून दिली.

पुढच्या वर्षी शाळेत फर्मान आलं. वरच्या वर्गांना आता उर्दू बंद, इंग्रजीतून शिकवायचं. जुन्या मास्तरांनी इन्स्पेक्टरसमोर एक एक नमुन्याचा तास घ्यायचा. जमलं तर वरचे वर्ग राहतील, नाही तर खालच्या वर्गांना जायचं. आणि अण्णांना विषय नेमून दिला होता तो रक्ताभिसरणाचा, प्रत्यक्ष हृदय कापून दाखवण्यासकट. झाडांतल्या पाण्याचा तास असता तर अण्णांनी झोपेतही घेतला असता. पण जनावरांचं खातं चाचांबरोबर कराचीला गेलं होतं.

अण्णांचे नाकी नऊ आले. इंग्रजीची वाक्यं त्यांनी पाठ करायला घेतली. "दि हार्ट इज अ मस्क्युलर ऑर्गन" हे वाक्य आमच्या घरात इतके दिवस घुमलं, की पपईच्या झाडावरच्या पोपटांनीही ते उचललं असतं. पण हृदयाला हात लावायचं काय? पहिला हात सगळ्या वर्गासमोर आणि इन्स्पेक्टरसमोर लावला आणि उलटी झाली म्हणजे? आधी घरीच सराव करायला हवा, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं खरं, पण आत्याला विचारायचं धाडस दोन दिवस होईना.

शेवटी विचारलं. आत्या तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि अण्णांकडे असं पाहिलं, की मी उठून आईच्या मागे गेले. पण ओरडली नाही. नोकरीचं काम आहे हे तिला कळत होतं. तिनं अटी घातल्या. पुढच्या दारानं आणायचं नाही, मागच्या बोळातून. घरातलं भांडं वापरायचं नाही, मातीचं फुटकं परळ घ्यायचं. धुण्याच्या दगडावर जे काय करायचं ते करायचं, मग दगड घासायचा आणि आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही.

"आणि आणताना झाकून आण," ती म्हणाली. "समोरच्या काकूंना दिसलं तर त्यांना महिनाभर दुसरा विषय नको."

सुलतान बाजाराच्या पलीकडच्या खाटकाकडे अण्णा मला सोबत घेऊन गेले. कशाला नेलं, तर एकट्यानं जायचा धीर नव्हता म्हणून. मीही काही धीराची नव्हते. आम्ही दोघं दुकानाबाहेर उभं राहून रस्त्यावरच्या टांग्यांकडे बघत होतो. अण्णांनी बकऱ्याचं दिल हवं म्हणून सांगितलं आणि पाठ फिरवली. खाटीक भला माणूस. गिऱ्हाईक नवखं दिसतंय, त्याला घरी त्रास नको म्हणून त्यानं सगळं नीट साफ केलं, वरची चरबी काढली, नळ्या छाटल्या, कापून बेताचे तुकडे केले आणि पानात बांधून दिलं. आम्ही ती पुडी बोळातून चोरासारखी आणली. परळात उघडली तर आत रश्शात टाकण्याजोगे तुकडे. चार कप्पे दाखवायचे ते यातून कसे दाखवणार? अण्णा परळाकडे बघत बसले. मला हसू आलं आणि आईनं मला चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी अण्णांनी पाठ फिरवली नाही. कापू नका, साफ करू नका, वरच्या नळ्या आहेत तशा राहू द्या, असं बजावून सांगितलं. खाटकाला काही उमजेना.

"पकाना नै, तो फिर दिल कायकू होना साब?" त्यानं विचारलं.

मुलांना शिकवायला, असं अण्णा म्हणाले. तेव्हा त्यानं चांगलं मोठंसं निवडून, नळ्यांसकट, पाण्यानं धुऊन दिलं आणि आमचे चाचा पूर्वी त्याच्याकडूनच नेत असत असं सांगितलं. ते कुठे आहेत म्हणून त्यानं विचारलं. अण्णांनी सांगितलं.

दुपारी मागच्या अंगणात सराव सुरू झाला. चाचांची पेटी उघडली. अण्णांनी डोळे मिटून पहिला हात लावला, उठले, पपईच्या झाडामागे जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि पुन्हा येऊन बसले. मला त्यांचं तेव्हा फार वाईट वाटलं आणि कौतुकही वाटलं. आत्या मागच्या दाराच्या उंबऱ्याच्या आत, आमच्याकडे पाठ करून, तांदूळ निवडत बसली होती. तिथे बसायचं काही कारण नव्हतं. पण घरात असलं काही चाललं असता दुसरीकडे बसणं तिला जमणारं नव्हतं.

अण्णांनी पुस्तकातल्याप्रमाणे सगळ्यांत जाड नळी वर धरली आणि मला तांब्यानं तिच्यात पाणी ओतायला सांगितलं. पाणी नळीत भरलं आणि तसंच राहिलं. खाली गेलंच नाही. अण्णांचा चेहरा उजळला. हे चाचा वर्गात करून दाखवायचे, त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

"खाली का जात नाही ते?" आत्यानं विचारलं. मान वळली होती. सूप मांडीवर तसंच.

आत दारं आहेत, अण्णा म्हणाले. रक्त बाहेर जाऊ देतात, परत आत येऊ देत नाहीत. झाडात नळ्यांनाच सगळं काम करावं लागतं, इथे मधे हा पंप आहे, आणि पंपाला दारं लागतात. इंग्रजीचं भूत उतरलं होतं, ते छान सोप्या मराठीत बोलत होते, मधूनच उर्दू. मग त्यांनी कात्रीनं डावी बाजू उघडली. आत एक पातळ पांढरा पडदा होता, खालून बारीक दोऱ्यांनी ताणून बांधलेला. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जायचं दार ते हे, अण्णा म्हणाले.

आत्या उठून उंबऱ्याबाहेर आली. सोवळ्यात होती, तरी आली. परळापासून हातभर अंतरावर उकिडवी बसली.

"आणि हे दार बिघडलं तर?"

अण्णा सांगू लागले. चाचांशी बोलताना, डॉक्टरी पुस्तकातून, जसं त्यांना माहीत झालं होतं तसं. कधी कधी लहानपणी एक ताप येतो, सांधे सुजतात, गुडघे धरतात. ताप जातो, पण या पडद्याला इजा करून जातो. पडदा जाड होतो, चिकटतो, दार पुरतं उघडत नाही. मग रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. माणसाला जिना चढवत नाही, धाप लागते. आडवं झोपवत नाही, बसून झोपावं लागतं. वरून धडधाकट दिसतो आणि एखाद दिवशी...

इथे अण्णा थांबले. आपण काय बोलतोय हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. हातातली कात्री तशीच राहिली.

आत्या त्या पडद्याकडे बघत होती. मग अगदी साध्या आवाजात, कुणाला पाककृती सांगावी तशी, तिनं सांगायला सुरुवात केली. लग्न होऊन ती सासरी गेली त्याच दिवशी सासूनं तिला बजावलं होतं, याच्या पाठीशी लोड लावत जा, हा लहानपणापासून टेकूनच झोपतो. मुंजीच्या सुमाराला म्हणे गुडघे सुजून उन्हाळाभर अंथरुणाला खिळला होता. जिन्यात मधल्या पायरीवर नेहमी थांबायचा आणि हिला हसून म्हणायचा, तू पुढे हो.

"म्हणजे मी त्या घरात जायच्या आधीचं ते," आत्या म्हणाली.

"हौ अक्का. कितीतरी आधीचं."

मला वाटलं, आता ती रडेल. आई तर पदर डोळ्यांना लावून तयारच होती. पण आत्याच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तो राग मी जन्मात विसरणार नाही.

"तुला हे माहीत होतं," ती अण्णांना म्हणाली. "इतकी वर्षं या घरात आहे मी. आणि तू माझ्यासमोर फुलं रंगवत बसलास."

अण्णांनी मान खाली घातली. ते म्हणाले, हृदय माझ्याकडे कधी नव्हतंच, मी झाडांचंच शिकवत होतो, दोन्ही गोष्टी एकत्र जोडून बघायचं कधी सुचलं नाही. ते खरंच होतं. पुस्तकातलं पुस्तकात आणि घरातलं घरात, अशी त्यांच्या डोक्यातही एक वाटणी झालेली होती. आत्या उठली, नेमाप्रमाणे अंगावर पाणी घेतलं आणि घरात गेली. पुढचे काही दिवस तिनं अण्णांना जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

तासाच्या दिवशी सकाळी अण्णांनी कोट घातला. नवं हृदय ते वाटेतच घेणार होते. आईनं दही-साखरेची वाटी तयार ठेवली होती. ओसरीवर चपलांचा आवाज झाला आणि सवयीनं मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. आत्या बाहेर येत होती. तिनं आईच्या हातातून वाटी घेतली, ओसरी ओलांडली आणि अण्णांच्या अगदी समोर उभी राहिली. समोरच्या काकू त्यांच्या दारात रांगोळी काढत होत्या, त्यांचा हात हवेतच थांबला.

अण्णांनी तळहात पुढे केला. आत्यानं त्यावर दही घातलं.

"चाचांच्या वेळी यायला हवं होतं मी," ती म्हणाली. एवढंच.

तो दिवस आत्यानं कसा काढला ते मी पाहिलंय, कारण मी शाळेला दांडी मारून घरी थांबले होते. तिनं निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. देवासमोर बसली आणि उठली. आज काही वाईट झालं, तर त्या दुपारी मागच्या अंगणात जे मिळालं होतं ते सगळं परत जाणार, हे मलासुद्धा कळत होतं. मी मनातल्या मनात अण्णांसाठी नाही, तिच्यासाठी प्रार्थना करत होते.

अण्णा आले ते खांदे पाडून. कोट खुंटीला लावला आणि ओसरीवर बसले. तास हातचा गेला होता. हात उत्तम चालले, हृदय सुरेख उघडलं, नळीत पाणी उभं राहिलं तेव्हा मुलांनी बाकं वाजवली. पण इंग्रजी मधेच आटलं आणि अण्णा पुढचं सगळं उर्दूत सांगून मोकळे झाले. मुलांना शब्द न् शब्द कळला. इन्स्पेक्टर मुंबईकडचे, त्यांना काहीच कळलं नाही. अण्णांना खालचे वर्ग मिळाले.

आई माझ्याकडे बघेना आणि मी आत्याकडे बघेना. तेवढ्यात समोरच्या काकू आल्याच. विरजण मागायला म्हणून आल्या होत्या, पण वाटी आणायला विसरल्या होत्या. अण्णांचा चेहरा पाहून त्यांना सगळं समजलं. त्यांनी हळहळ व्यक्त केली, चांगली भरपूर केली, आणि मग म्हणाल्या, "सकाळी निघताना समोर कोण आलं होतं म्हणे?"

मला वाटलं, आत्या उठून आत जाईल आणि दार लोटून घेईल.

"मी आले होते," आत्या म्हणाली. "आणि याचं इंग्रजी कच्चं आहे. त्याला मी काय करू?"

काकू तशाच उभ्या. अण्णांनी मान वर करून आत्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना इतकं. नोकरीत उतरलेला माणूस इतका हसतो हे काकूंनी पुढे आळीभर सांगितलं. आत्या त्यांना म्हणाली की हसण्यासारखं काही नाही, उद्यापासून रोज तासभर इंग्रजी वाचत जा. आणि काकूंना विरजण एका द्रोणात घालून दिलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा खालच्या वर्गांवर पहिल्यांदा निघाले. आई म्हणाली, आता रोजच्या शाळेला कसलं दही. आत्या म्हणाली, लागतं. ती वाटी घेऊन बाहेर आली, अण्णांच्या हातावर दही घातलं, आणि अण्णा गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत दारात उभी राहिली.